पट्ट्याच्या जागेवरचं घर

वऱ्हाड हा अख्खा मुलूख एकेकाळी भाडेपट्ट्यावर दिलेला होता. निजामाने १९०२ साली तो इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिला, वर्षाला २५ लाख रुपये भाड्याने. मालकी निजामाची, ताबा आणि कारभार इंग्रजांचा. त्याआधी, १८५३ पासून, वऱ्हाडचा महसूल हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांकडे लावून दिलेला होता आणि त्या फौजेची एक छावणी हिंगोलीत होती. छावणी १९०३ मध्ये उठली. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावं मात्र हिंगोलीकरांच्या तोंडी राहिली. पुढे सातव्या निजामाने वऱ्हाड परत मागितला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने १९२६ मध्ये त्याला सुनावलं की ब्रिटिश सत्तेशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याचा हक्क कोणाही संस्थानिकाला नाही. मालक कागदावर राहिला, मुलूख हातातून गेला.

घराच्या बाबतीत पारडं नेमकं उलटं असतं. इथे धनी बलवान आणि पट्टेदार लहान. धनी म्हणजे सरकार, नगरपरिषद, औद्योगिक महामंडळ, एखादं देवस्थान किंवा वक्फ. पट्टेदार म्हणजे आयुष्यभराची पुंजी घालून दोन खोल्या आणि वर स्लॅब उभा केलेला निवृत्त कर्मचारी. हे घर तो विकायला काढतो तेव्हा समोर बसलेले दोघेच दिसतात, घेणारा आणि देणारा. पण व्यवहार तिघांचा असतो. तिसरा बैठकीला येत नाही, त्याला कोणी बोलावतही नाही, आणि नंतर सगळं त्याच्याच सहीवर अडतं.

हिंगोलीत प्लॉट किंवा घर बघायला गेलेला माणूस आधी फुटाचा भाव विचारतो, मग रस्ता किती फुटी, मग नळाला पाणी कितव्या दिवशी. जागा कोणत्या हक्काने धारण केलेली आहे हा प्रश्न बहुधा इसार देऊन झाल्यावर बँकेच्या वकिलाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकू येतो. तोवर उशीर झालेला असतो.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम २९ मध्ये सरकारकडून जमीन धारण करणाऱ्यांचे तीन वर्ग सांगितले आहेत: भोगवटादार वर्ग एक, भोगवटादार वर्ग दोन आणि शासकीय पट्टेदार. वर्ग एकला जमीन विकायला सरकारला विचारावं लागत नाही. वर्ग दोनचा ताबा कायमचा, पण विक्री, बक्षीस, गहाण यांवर बंधन. पट्टेदाराला मुदत, भाडं आणि अटी अशी तिन्ही. लोक बोलताना वर्ग दोन आणि पट्टा एकाच टोपलीत टाकतात. ही घाई महागात पडते. वर्ग दोनच्या जागेला संपण्याची तारीख नसते, पट्ट्याला असते.

म्हणून पट्ट्याच्या जागेवरचं घर घेणारा नेमकं काय विकत घेतो? उरलेली वर्षं आणि त्या वर्षांसोबत चिकटलेल्या अटी. भिंती त्यानंतर. सिंगापूरमध्ये सरकारी सदनिका ९९ वर्षांच्या पट्ट्यानेच मिळतात, त्यामुळे तिथे जुन्या घराचा भाव ठरवताना किती वर्षं शिल्लक हे आपोआप विचारलं जातं. आपल्याकडे मात्र तीस वर्षांच्या पट्ट्यातली सत्तावीस संपलेली असतात आणि घराचा भाव शेजारच्या वर्ग एकच्या घराएवढाच सांगितला जातो. घेणारा घासाघीस करतो ती फरशीवरून.

समजा, एका कर्मचाऱ्याला १९९८ मध्ये सरकारी जागेवर दीड हजार फुटांचा प्लॉट तीस वर्षांच्या पट्ट्याने मिळाला. त्याने घर बांधलं. आता मुलं पुण्यात, त्याला घर विकायचं आहे. मुदत २०२८ पर्यंत. पहिला कागद बघायचा तो मूळ पट्टा, म्हणजे नोंदलेला भाडेपट्टा करार आणि त्यामागचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०७ प्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच होतो. झेरॉक्सवर जाऊ नये, दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत काढावी. त्यात पाच गोष्टींवर बोट ठेवून वाचायचं: मुदत कधी संपते, नूतनीकरणाचा हक्क आहे की नुसती शक्यता, भुईभाडं किती आणि ते कधी वाढतं, जागा कशासाठी दिली आहे, आणि हस्तांतराला कोणाची परवानगी लागते.

यातली नूतनीकरणाची ओळ सर्वांत फसवी. ‘पट्टेदाराच्या मागणीवरून मुदत वाढवण्यात येईल’ आणि ‘मुदत वाढवण्याचा विचार करण्यात येईल’ या दोन वाक्यांत घराच्या निम्म्या किमतीचा फरक आहे. मुदत संपली आणि पट्टेदार तिथेच राहून भाडं भरत राहिला, धन्याने ते घेतलंही, तर त्याच अधिनियमाच्या कलम ११६ खाली राहत्या घराचा पट्टा महिना-दरमहा चालू राहिल्यासारखा मानला जातो, कराराने वेगळं ठरवलं नसेल तर. पण असं चालू राहणं म्हणजे पुढची तीस वर्षं मिळणं नव्हे. पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपू शकणारा हक्क कोण विकत घेणार?

हस्तांतराचंही तसंच. कलम १०८ चा सर्वसाधारण नियम पट्टेदाराच्या बाजूचा आहे: कराराने मनाई केली नसेल तर तो आपला हक्क दुसऱ्याला देऊ शकतो, गहाण ठेवू शकतो. पण सरकारी पट्ट्यात ही मनाई जवळजवळ हमखास असते. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय केलेली विक्री हा शर्तभंग. त्याची शिक्षा हलकी असेल तर दंड आणि अनर्जित उत्पन्नाचा हिस्सा भरून नियमित करणं, जड असेल तर जागा सरकारजमा. अनर्जित उत्पन्न म्हणजे जागेचा भाव तुमच्या कष्टाशिवाय जो वाढला तो. त्यात सरकार वाटा मागतं. हा वाटा मला अन्यायाचा वाटत नाही; सरकारने जागा स्वस्तात दिली ती राहायला, धंद्याला नव्हे. अडचण वाटा मागण्याची नाही, तो किती आणि कोण भरणार हे इसारपावतीत कोणी लिहीत नाही याची आहे.

जागा सहकारी गृहनिर्माण संस्थेला मिळालेली असेल तर आणखी एक दार लागतं. सभासदांची यादी जिल्हाधिकाऱ्यांनी मंजूर केलेली असते आणि नव्या सभासदालाही तीच मान्यता लागते. संस्थेच्या अध्यक्षांनी लेटरहेडवर ‘हरकत नाही’ लिहून दिलं म्हणून काम संपत नाही. अध्यक्ष बरेचदा मनापासून लिहून देतात, त्यांनाही पुढचं ठाऊक नसतं.

सुटकेची एक वाट सरकारने ८ मार्च २०१९ च्या नियमांनी उघडली. भोगवटादार वर्ग दोनच्या आणि पट्ट्याने दिलेल्या सरकारी जमिनी ठरावीक अधिमूल्य भरून वर्ग एक करता येतात. अधिमूल्य मोजलं जातं ते वार्षिक मूल्यदर तक्त्यातल्या, म्हणजे रेडी रेकनरच्या किमतीवर. सुरुवातीच्या सवलतीच्या तीन वर्षांत निवासी जागेसाठी वर्ग दोनला १५ टक्के आणि पट्ट्याच्या जागेला २५ टक्के असा दर होता. तक्त्याप्रमाणे जागा दहा लाखांची असेल तर पट्टेदाराने अडीच लाख भरायचे. सवलत संपली की दर कितीतरी चढणार अशी रचना होती. पुढे मुदतवाढी आणि दुरुस्त्या होत गेल्या. त्यामुळे जुन्या आकड्यावर गणित न मांडता आज लागू असलेला दर जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्यावा. वरच्या उदाहरणातल्या कर्मचाऱ्याला माझा सल्ला विचाराल तर, आधी जागा वर्ग एक करून घ्यावी आणि मग घर विकायला काढावं. अधिमूल्य खिशातून जातं खरं, पण वर्ग एक झालेल्या घराला बँक कर्ज देते, गिऱ्हाईक वाढतं आणि भाव त्याहून जास्त सुधारतो. मात्र अर्ज करण्याआधी आधीचा शर्तभंग नाही ना, जादा बांधकाम नाही ना, पुढच्या खोलीत दुकान काढलेलं नाही ना, हे स्वतःच तपासलेलं बरं. मोजणीला आलेला माणूस ते तपासणारच असतो.

हिंगोलीहून वाशीमच्या बाजूला गेलं की याच दुखण्याचं नाव नझूल होतं. वऱ्हाडातल्या शहरांमधल्या सरकारी जागा नझूल म्हणून पट्ट्याने दिलेल्या आणि त्यांचे नियम वेगळे. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावच्या माणसाने वाशीममधल्या नातेवाइकाच्या अनुभवावर हिंगोलीतला व्यवहार करू नये, ते याचसाठी.

मराठवाड्याचा खरा गुंता मात्र इनामांचा. हिंगोली हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा काढलेला जिल्हा. त्याआधी १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. निजामाच्या काळात मशिदी, दर्गे, मंदिरं यांच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनी खिदमतमाश आणि व्यक्तींच्या उदरनिर्वाहासाठी दिलेल्या त्या मदतमाश. १९५४ च्या हैदराबाद इनामे व रोख अनुदाने रद्द करण्याबाबतच्या कायद्याने बरीच इनामं संपवली, पण सगळ्यांचे हक्क सारखे झाले नाहीत. गावं वाढली, शहराच्या कडेच्या शेतांत प्लॉट पडले, आणि मूळ नोंद इनामाची असलेल्या जागेवर आज दुमजली घरं उभी आहेत. यातली काही घरं ‘पट्ट्याची’ म्हणून विकली जातात. पट्टा दिलेला असतो इनामदाराच्या वारसाने, साध्या कागदावर.

अशा ठिकाणी आजचा सातबारा पुरत नाही. मागे जावं लागतं. मराठवाड्यात त्यासाठीचा मैलाचा कागद म्हणजे १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक. त्यात धारकाच्या नावापुढे काय लिहिलंय ते बघायचं. त्याच्याही मागे सेतवार हे जुन्या मोजणीचं पत्रक, आणि इनाम असेल तर अतियात म्हणजे इनामांच्या चौकशीतला मुंतखब, म्हणजे निकालपत्र. हे कागद बरेचदा उर्दूत असतात. वाचून देणारी जुनी मंडळी आता कमी झाली आहेत, पण हिंगोली, परभणी, नांदेडच्या कचेऱ्यांच्या आवारात अजून सापडतात. त्यांची फी घराच्या किमतीपुढे किरकोळ आहे. इथे कंजुषी करणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही. मदतमाश जमिनींचा नजराणा अलीकडे सरकारने बराच उतरवला आहे, त्यामुळे अडकलेलं घर नियमित करून घेण्याचा रस्ता पूर्वीइतका चढाचा राहिलेला नाही.

औंढा नागनाथाचं ज्योतिर्लिंग आणि संत नामदेवांची नर्सी ज्या जिल्ह्यात आहे, तिथे देवस्थानच्या नावे जमीन निघणं नवलाचं नाही. धनी सार्वजनिक न्यास असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ३६ लागू होतं. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने पट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी हवी. ती नसेल तर पट्टा वैध नाही. विश्वस्तांचा ठराव, पुजाऱ्याची पावती, गावकऱ्यांची बैठक यांपैकी काहीही त्या मंजुरीची जागा घेऊ शकत नाही. म्हणजे नव्व्याण्णव वर्षांचा म्हणून दाखवलेला पट्टा मंजुरीअभावी मुळातच लंगडा असू शकतो, आणि विकणाऱ्यापाशी जे नाही ते तो देणार कुठून?

वक्फच्या जागेचा कायदा याहून कडक. तिची विक्री होत नाही. एका वर्षापुढच्या पट्ट्याला वक्फ मंडळाची मंजुरी लागते आणि तीस वर्षांहून जास्त मुदतीचा पट्टा रद्दबातल. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचं मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीजवळ आहे. संशय असेल तर वक्फच्या नोंदवहीत आणि राजपत्रातल्या यादीत गट नंबर आहे का ते पाहावं. मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत असतं, पण घेणारा बाहेरगावचा असेल तर त्याला कोणी आपणहून सांगत नाही.

कळमनुरी तालुक्यात आणि आसपास आंध आदिवासींची वस्ती आहे. आदिवासीची जागा बिगरआदिवासीने घेताना जमीन महसूल अधिनियमाचं कलम ३६-अ आडवं येतं. ते विक्रीला लागू आहे तसंच पट्ट्यालाही. पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, त्यापुढच्या व्यवहाराला राज्य शासनाचीही. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर या धरणांमुळे उठलेल्या गावांच्या पुनर्वसनातले प्लॉटही मोकळे समजू नयेत. वाटपाचा आदेश वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एमआयडीसीचं प्रकरण त्यामानाने सरळ. पट्टा ९५ वर्षांचा, धनी एकच, हस्तांतराची फी ठरलेली, अर्जाची पद्धत ठरलेली. फक्त प्लॉट घेणाऱ्याच्या हाती अंतिम पट्टा आहे की नुसता पट्ट्याचा करारनामा, हे बघावं. बांधकाम ठरल्या मुदतीत झालं नसेल तर दुसराच कागद हाती असतो. नगरपरिषदेचे गाळे तर घरच नव्हेत, पण त्यांच्या वर खोली काढून राहणारे आणि ती ‘विकणारे’ असतात, म्हणून एवढंच सांगतो की त्या जागेवर पक्कं बांधकाम विकण्याचा हक्क भाडेकरूकडे सहसा नसतो.

आता बाँडकडे वळू. ‘खरेदी नाही झाली, पण बाँड झालाय’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजतेने म्हणतात की जणू बाँड म्हणजे खरेदीचा धाकटा भाऊ. शंभराच्या मुद्रांकावर, आता ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेच्या, नोटरीपुढे लिहून घेतलेला विक्रीचा करार, जोडीला मुखत्यारपत्र, झालंच तर एक मृत्युपत्र. परवानगी आणि अधिमूल्य चुकवण्यासाठीची ही युक्ती दिल्लीत पट्ट्याच्या घरांमध्ये सर्रास चालायची. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलं की अशा कागदांनी मालकी जात नाही. पट्ट्याचा हक्कही नोंदणीकृत दस्तानेच दुसऱ्याकडे जातो. ताबा घेतलेल्या माणसाला पूर्वी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३-अ चा थोडा आडोसा मिळायचा, पण सप्टेंबर २००१ नंतर तोही करार नोंदलेला असेल तरच.

बाँडवाल्याचा दुसरा आधार ग्रामपंचायतीचा नमुना आठ. त्यावर नाव लागलं की घर आपलं झालं असा ठाम समज. तो घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे. पट्टेदाराचं नाव तिथे येतं, अतिक्रमण केलेल्याचंही येतं. (तलाठ्याकडचा आठ-अ हा आणखी वेगळा; दोन्ही आठ एकच समजून भांडणारे मी पाहिले आहेत.) नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रकावरचा सत्ताप्रकाराचा रकाना बघावा. गावठाणात ड्रोन मोजणीनंतर स्वामित्व योजनेखाली मिळालेली सनद असेल तर ती. आणि कोणताही कागद बघितला तरी दुय्यम निबंधकाच्या सूची क्रमांक दोनचा किमान तीस वर्षांचा शोध आणि स्थानिक वर्तमानपत्रात वकिलामार्फत जाहीर प्रगटन हे टाळू नये. जाहीर प्रगटनाने हमी मिळत नाही, पण झाकलेला भाऊ किंवा हिस्सा न मिळालेली बहीण बरेचदा त्यातूनच बाहेर येते. पट्टा वारसांकडे जातो. मूळ पट्टेदार वारला असेल तर सगळ्या वारसांची नावं आधी धन्याच्या दप्तरी लागायला हवीत, मुलींचीही.

परवानगी लागते म्हणून परवानगीआधी करारच करू नये असं मात्र नाही. नथुलाल विरुद्ध फूलचंद या खटल्यात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हस्तांतराला मंजुरी आवश्यक असेल, तर ती मिळवण्यासाठी लागेल ते सगळं करण्याची जबाबदारी विकणाऱ्याने करारातच स्वीकारली आहे असं धरलं जाईल. म्हणजे ‘परवानगी मिळत नाही, मी काय करू’ म्हणून अर्जच न करणाऱ्याला सुटका नाही. म्हणून इसारपावतीत लिहावं: अर्ज कोण, किती दिवसांत करणार; अधिमूल्य, दंड, भुईभाड्याची आणि अकृषिक कराची थकबाकी कोणाच्या अंगावर; परवानगी नाकारली तर इसार किती दिवसांत परत. ताबा मात्र परवानगीआधी देऊ नये, घेऊही नये. ताब्यासह केलेल्या कराराला विक्रीखताइतकं मुद्रांक शुल्क लागतं, आणि शर्तभंगाचा पहिला पुरावा आपणच तयार करून ठेवतो.

शुल्काची एक गंमत सांगतो. नवा पट्टा करताना महाराष्ट्रात मुदतीप्रमाणे बाजारमूल्याचा ठरावीक भाग धरून शुल्क आकारतात: पाच वर्षांपर्यंत १० टक्के, दहापर्यंत २५, एकोणतीसपर्यंत ५० आणि त्यापुढे ९० टक्के मूल्यावर. म्हणून खासगी पट्टे एकोणतीस वर्षांवर थबकलेले दिसतात. करारात नूतनीकरणाचा हक्क लिहिलेला असेल तर ती मुदतही मोजतात, त्यामुळे ही हुशारी पुष्कळदा वाया जाते. चालू पट्टा दुसऱ्याच्या नावे करताना मात्र ही सवलत नाही, तिथे विक्रीखताचाच दर. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३० हजार रुपये.

बँकेचं गणित सोपं: कर्ज फिटेपर्यंत पट्टा जिवंत हवा, वर काही वर्षं शिल्लक हवीत, आणि गहाणाला धन्याची संमती हवी. २०२८ ला संपणाऱ्या पट्ट्यावर वीस वर्षांचं कर्ज मिळत नाही. म्हणूनच असे व्यवहार रोखीत आणि बाँडवर होतात, आणि म्हणूनच ते स्वस्त वाटतात.

दस्त नोंदला की लोक पेढे वाटतात. काम अजून बाकी असतं. पट्टा हस्तांतरणाच्या दस्ताची प्रत आणि परवानगीचा आदेश जोडून धन्याच्या दप्तरी, भूमी अभिलेखाकडे आणि नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत नाव लावून घ्यायचं. पुढच्या भुईभाड्याची पावती आपल्या नावाने फाडून घ्यायची. हे होईपर्यंत किमतीचा शेवटचा हप्ता राखून ठेवण्याची अट इसारपावतीत घालता येते. विकणारा थोडा कुरकुरेल. पण त्याच्या पावत्या वेळच्या वेळी भरलेल्या असतील तर त्याचंही काही अडत नाही.